आडनाव एकच, पण सख्खे की चुलत?

मामांची तासगाव तालुक्यात तीन एकर द्राक्षबाग आहे. बेदाण्याचे पैसे हातात आले होते आणि ऑक्टोबर छाटणी सुरू व्हायच्या आत त्यांना नवा मोबाइल घ्यायचा होता. फोनवर थेट मुद्द्यालाच हात घातला. "एकाच कंपनीचं दोन हायेत. दोन्ही गॅलॅक्सी. एक एकोणीस हजाराला, दुसरा एक्क्याऐंशी हजाराला. आडनाव एकच हाय की रं दोघांचं! मग मधलं बासष्ट हजार कशाचं?"

प्रश्न रास्त होता. सांगलीत हरभट रोडवरच्या कुठल्याही दुकानात याचं उत्तर 'प्रोसेसर भारी, कॅमेरा भारी' एवढंच मिळतं, आणि ते खोटं नसलं तरी त्यातून आपल्या कामाचं काही कळत नाही. मामांना उत्तर त्यांच्याच शब्दात द्यायचं ठरवलं. आडनाव एक असलं म्हणून सगळे सख्खे नसतात. मोबाइलमध्येही सख्खी भावंडं असतात आणि चुलत असतात. आधी तेवढं ओळखता आलं की निम्मं काम होतं.

सख्खी भावंडं म्हणजे ज्यांच्या पोटात एकच चिप, म्हणजे फोनचा मेंदू, आहे अशी. गुगलचा पिक्सेल ८ ऑक्टोबर २०२३ मध्ये ७५,९९९ रुपयांना आला आणि पुढच्या मे महिन्यात पिक्सेल ८ए आला ५२,९९९ रुपयांना. दोघांत टेन्सर जी३ हीच चिप, दोघांना सात वर्षं अपडेट. मग तेवीस हजार कुठे वाचवले? पाठ काचेऐवजी प्लॅस्टिकची केली, पडद्यावरची काच जुन्या पिढीची वापरली, मुख्य कॅमेऱ्याचा उजेड टिपणारा सेन्सर लहान बसवला. ॲपलचं आयफोन १६ आणि १६ई हे जोडपंही याच जातीचं. दोघांत ए१८ चिप आहे, फक्त ग्राफिक्सचं काम करणारा एक भाग, म्हणजे कोअर, १६ईमध्ये कमी. १६ईला मागे एकच कॅमेरा, आणि पाठीला चुंबकाने चिकटणारी मॅगसेफची सोय नाही.

चुलत भावंडांत नाव तेवढं सारखं, बाकी घर वेगळं. मामांनी पाहिलेली जोडी अशीच होती. एकोणीस हजारांचा गॅलॅक्सी ए१६ डायमेन्सिटी ६३०० वर चालतो, तर एक्क्याऐंशी हजारांच्या एस२५ मध्ये स्नॅपड्रॅगन ८ एलिट आहे. पहिली चिप ६ नॅनोमीटरची, दुसरी ३ नॅनोमीटरची. हा आकडा जितका लहान तितके चिपमधले बारीक भाग दाटीने बसतात, म्हणजे तेवढंच काम कमी विजेत आणि कमी तापून होतं. या दोघांच्या मध्ये ए५६ आहे, तो आला तेव्हा ४१,९९९ रुपयांना होता.

तिसरा प्रकार आपल्या घरांत सगळ्यांनाच ठाऊक आहे: थोरल्याचे कपडे धाकट्याने वापरायचे. जानेवारी २०२५ मध्ये वनप्लस १३ नव्या चिपसह आला आणि त्याच्याच बरोबर आलेल्या १३आर मध्ये थोरल्याची आदल्या वर्षीची चिप, स्नॅपड्रॅगन ८ जेन ३, बसवलेली होती. सत्तर हजारांच्या जागी त्रेचाळीस. माझ्या मते पैशाच्या मानाने हा प्रकार बऱ्याचदा सगळ्यात फायद्याचा पडतो, कारण चिप एका वर्षात म्हातारी होत नाही. दिवाळीचा सदरा पुढच्या दिवाळीला धाकट्याच्या अंगावर तसाच नवा दिसतो.

आता चिप भारी म्हणजे नेमकं काय? मामांना ट्रॅक्टर कळतो. बागेच्या ओळीत चोवीस एचपीचा मिनी ट्रॅक्टर फिरतो, पन्नासचा आणला तर तो वळायलाच अडतो आणि डिझेल पितो ते वेगळंच. व्हॉट्सॲप, यूपीआय, यूट्यूब, हवामानाचं ॲप, बाजारभाव या सगळ्याला मिनी ट्रॅक्टर पुरतो. पन्नास एचपी लागतो तो मोठे गेम खेळणाऱ्याला, व्हिडिओ कापून जोडणाऱ्याला, किंवा फोन सहा-सात वर्षं वापरायचा म्हणणाऱ्याला. हा शेवटचा माणूस दुकानदार कधी मोजत नाही.

खरी काटछाट होते ती दुसरीकडेच, आणि ती जाहिरातीत दिसत नाही. स्वस्त फोन दोन वर्षांनी 'अडकायला' लागतो, तेव्हा लोक चिपला शिव्या देतात. दोष बऱ्याचदा साठवणीचा असतो. १२८ जीबी असं खोक्यावर ठळक लिहिलेलं असतं, पण ती कुठल्या जातीची ते लिहिलेलं नसतं. अगदी स्वस्त फोनमध्ये ईएमएमसी असते. ती अरुंद पुलासारखी: एका वेळी एकाच बाजूची वाहनं सोडायची, पलीकडची थांबवून ठेवायची. यूएफएस जातीच्या साठवणीत जाणं-येणं दोन्ही एकाच वेळी चालतं, आणि तिच्यातही २.२, ३.१, ४.० अशा पायऱ्या आहेत. फोटो साठवता साठवता ॲप उघडायला गेलं की फरक समजतो. घेण्याआधी एवढा एक शब्द तपासा: यूएफएस आहे का? नसेल तर दुसरा फोन बघा. आणि रॅमच्या आकड्यात '८ अधिक ८' असं लिहिलेलं असेल, तर पुढचे आठ खरे नाहीत, ती साठवणीतली उसनी जागा आहे. उसन्या बैलाने पेरणी होते, पण आपल्या सोयीने नाही.

अपडेटची गोष्ट गेल्या दोन-तीन वर्षांत बरीच बदलली. पूर्वी स्वस्त फोन दोन वर्षांत वाऱ्यावर सोडत. आता ए१६ लाही सहा वर्षांचा शब्द दिला आहे, ए५६ ला सहा, एस२५ ला सात. कागदावर फरक एका वर्षाचा. पण अपडेट मिळणं वेगळं आणि ते पेलणं वेगळं. सहाव्या वर्षी येणारं अँड्रॉइड त्या वेळच्या फोनसाठी लिहिलेलं असेल, ते एकोणीस हजारांच्या चिपवर ओढत नेल्यासारखं चालेल असा माझा अंदाज आहे. दुसरी मेख अशी की ही वर्षं फोन बाजारात आला त्या दिवसापासून मोजतात, तुम्ही घेतलात त्या दिवसापासून नाही. गेल्या वर्षीचा फ्लॅगशिप, म्हणजे कंपनीचा सगळ्यात वरचा फोन, स्वस्तात मिळाला तर आनंद आहेच, फक्त त्यातलं एक वर्ष आधीच वजा झालंय हे धरून चाला. सुरक्षेचे अपडेट थांबलेला फोन बंद पडत नाही, पण बँकेची ॲपं कधीतरी त्यावर चालायला नकार देतात, आणि ती वेळ नेमकी सोसायटीचं कर्ज भरायच्या दिवशी येते.

मामांच्या कामाचा गाभा मात्र कॅमेऱ्यात होता. बागायतदाराला फोन लागतो तो पानाचा फोटो काढायला. वरून तेलकट डाग दिसतो, पान उलटं केलं की पांढरी बुरशी, म्हणजे डाऊनी, जुन्या भाषेत केवडा. फोटो काढायचा, कन्सल्टंटला पाठवायचा, उत्तर आलं की पंप जोडायचा. म्हणजे मामांना लग्नातला फोटो नको आहे, चार बोटांच्या अंतरावरून पानाची मागची बाजू हवी आहे.

इथं मेगापिक्सेलचा आकडा उपयोगी पडत नाही. पन्नास मेगापिक्सेलचे बहुतेक कॅमेरे चार-चार ठिपके एकत्र करून साडेबारा मेगापिक्सेलचा फोटो देतात. खरा फरक सेन्सरच्या आकारात असतो. पावसात मोठं घमेलं ठेवलं तर जास्त पाणी साठतं, तसं मोठ्या सेन्सरवर जास्त उजेड पडतो. म्हणून दिवसाउजेडी दोन्ही भावंडांचे फोटो जवळपास सारखे दिसतात आणि संध्याकाळी मांडवाखाली धाकट्याचा फोटो रवाळ होतो. महागड्या फोनमध्ये लेन्स हाताचा कंप झेलणारीही असते, त्याला ओआयएस म्हणतात. ते मात्र आता मधल्या किमतीतही मिळतं आणि मिळत असेल तर सोडू नये.

जवळच्या फोटोची गंमत वेगळीच आहे. पिक्सेल ८ ची रुंद दृश्य टिपणारी दुसरी लेन्स फोकस बदलू शकते, त्यामुळे तो अगदी जवळचा फोटो काढतो, त्याला मॅक्रो म्हणतात. ८एची तीच लेन्स एका जागी स्थिर केलेली आहे, म्हणून तिथं मॅक्रो नाही. आयफोन १६ ला मॅक्रो आहे, १६ईला नाही. हे पैसे वाचवायचं नेहमीचं ठिकाण आहे आणि बागायतदाराच्या पायावर धोंडा पडतो तो इथंच. पण महाग ते चांगलं हे गणित इथंही सरळ चालत नाही. ए५६ मध्ये मॅक्रोसाठी वेगळी पाच मेगापिक्सेलची लेन्स आहे, तर दुप्पट किमतीच्या एस२५ मध्ये ती नाही. त्याच्याकडे तीन पट जवळ आणणारी टेलिफोटो लेन्स आहे, म्हणजे हातभर लांब उभं राहून पान मोठं करून घ्यायचं. कुठल्याही साध्या फोनवर हीच युक्ती दोन पट झूमवर चालते. फोन पानाला टेकवायला गेलात की धुरकट, जरा मागे सरलात की लखलखीत.

आणि एवढं सगळं करून लोक काय करतात? तो फोटो व्हॉट्सॲपवर टाकतात, आणि व्हॉट्सॲप तो दाबून बारीक करतं. बासष्ट हजारांतला मोठा भाग तिथंच वाहून जातो. पाठवताना वर एचडीचं चिन्ह असतं, ते दाबायचं, नाहीतर फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवायचा. हे कुठल्याही फोनवर फुकट आहे.

उन्हात पडदा दिसतो का, हा दुसरा कळीचा प्रश्न. पडद्याचा उजेड निट्समध्ये मोजतात. ए१६ साधारण ८०० निट्सपर्यंत जातो, ए५६ उन्हात १२०० पर्यंत, तर एस२५ चा कमाल आकडा २६०० सांगतात. कमाल या शब्दापाशी थांबा. तो आकडा बऱ्याचदा पडद्याच्या छोट्याशा भागासाठी आणि थोड्या वेळासाठी असतो. ए५६ चा कमाल आकडाही १९०० आहेच. शिवाय मार्च-एप्रिलच्या उन्हात फोन तापला की तो स्वतःच उजेड कमी करतो, महागडासुद्धा. तरी ८०० आणि १२०० यांत उघड्या रानात चांगला फरक पडतो. दुकानाच्या ट्यूबलाइटखाली तो दिसणार नाही, फोन घेऊन दारात या.

पाण्याबद्दल सांगलीकराला वेगळं सांगायला नको, २०१९ आणि २०२१ चा महापूर आपण पाहिलाय. ए१६ ला धूळ-पाणी अडवण्याचा आयपी५४ दर्जा आहे, म्हणजे पाण्याचे शिंतोडे सोसतो, बुडणं नाही. आयपी६७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. आयपी६८ त्याहून पुढचा, एस२५ साठी दीड मीटर. पण ही परीक्षा प्रयोगशाळेतल्या स्वच्छ गोड्या पाण्यातली असते. कृष्णेचं गाळाचं पाणी, फवारणीचं बोर्डो मिश्रण, साबणाची बादली यांचा त्यात विचार नसतो. फोन एकदा उघडून पडदा बदलला की आतलं सील पहिल्यासारखं राहीलच असं नाही, आणि पाण्याने बिघडलेला फोन वॉरंटीत सहसा बसत नाही. म्हणून आयपी६८ साठी जास्तीचे पैसे मोजायला माझी ना नाही, पण तो भरवसा म्हणून नव्हे, नशीब बरं असलं तर उपयोगी पडणारी गोष्ट म्हणून.

एका बाबतीत तर धाकटाच दांडगा निघतो. एस२५ ची बॅटरी ४००० एमएएच, आणि ए१६, ए५६ दोघांच्या ५००० च्या. थोरला सडपातळ, १६२ ग्रॅमचा, ए५६ १९८ ग्रॅमचा. थोरल्याची चिप काटकसरी असल्याने तो बरंच भरून काढतो, तरी सकाळी सहाला रानात जाऊन रात्री नऊला घरी येणाऱ्याला मोठी बॅटरी बरी. ए१६ मध्ये मेमरी कार्डाची जागाही आहे, वरच्या दोघांत नाही. प्लॅस्टिकच्या पाठीलाही नावं ठेवू नका. मोटारीच्या पेटीवरून खाली पडलेली काच तडकते, प्लॅस्टिकला ओरखडा येतो.

फाइव्ह-जीबद्दल एकच गोष्ट. ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा, ज्याला एन२८ म्हणतात, लांबपर्यंत पोचतो आणि भिंतीतून आत शिरतो. जिओ तो वापरते. गावाकडं राहणाऱ्याने फोनच्या माहितीत एन२८ आणि फाइव्ह-जीचाच दुसरा पट्टा एन७८ ही दोन नावं आहेत का ते पाहावं. काही अगदी स्वस्त फाइव्ह-जी फोन सगळ्या कंपन्यांच्या सगळ्या पद्धतींच्या फाइव्ह-जीवर चालत नाहीत, तेव्हा आपलं सिम घालूनच बघा.

पैशांचं गणित महिन्यावर आणलं की डोकं शांत होतं. एकोणीस हजारांचा फोन चार वर्षं वापरला तर महिना सुमारे ३९६ रुपये. बेचाळीस हजारांचा सहा वर्षं, महिना ५८३. एक्क्याऐंशी हजारांचा पूर्ण सात वर्षं, महिना ९६४, आणि त्यात मध्येच एकदा बॅटरी बदलायचा खर्च धरा. लिथियमची बॅटरी काही शे पूर्ण चार्जिंगनंतर थकतेच, फोन कितीही मोलाचा असो. महागड्याचा पडदा फुटला तर बदलायलाही त्याच मानाने पैसे जातात. सात वर्षं एक फोन सांभाळणारी माणसं मी पाहिली आहेत, पण ती बोटांवर मोजण्याइतकी.

नो-कॉस्ट ईएमआयचं नाव ऐकून मामा खूश झाले होते. त्यात दुकान किमतीत व्याजाएवढी सूट देतं, बँक ते व्याज लावते, म्हणून बेरीज सारखी दिसते. पण त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो, वर बहुतेक वेळा प्रोसेसिंग फी असते. रक्कम थोडी असते, शून्य नसते. दुसरी त्यांची समजूत अशी की जीएसटी कमी झालाय म्हणजे मोबाइलही उतरला. २२ सप्टेंबर २०२५ पासून एसी आणि मोठे टीव्ही २८ वरून १८ टक्क्यांवर आले हे खरं, मोबाइल आधीपासून १८ वर होता आणि तिथंच राहिला. हळदीच्या पेढीवर बसणाऱ्या, जीएसटी नंबर असलेल्या व्यापाऱ्याने मात्र बिल फर्मच्या नावाने घ्यावं. धंद्यासाठी घेतलेल्या ८०,९९९ च्या फोनमध्ये १२,३५६ रुपये कराचे असतात, त्यांचं क्रेडिट मिळतं का ते सीएला विचारावं. शेतकऱ्याला ही सोय नाही, हे मामांना सांगितल्यावर त्यांनी जे उद्गार काढले ते इथं लिहीत नाही.

कधी घ्यायचा हेही बघावं लागतं. मोठ्या फोनची नवी पिढी ठरलेल्या महिन्यात येते. आयफोन सप्टेंबरात, गॅलॅक्सी एस वर्षाच्या सुरुवातीला. थोरल्याची किंमत जास्त उतरते, धाकट्याची कमी, कारण त्याची मूळ किंमतच तेवढी फुगवलेली नसते. माझी मामेबहीण विश्रामबागला वालचंद कॉलेजात शिकते, तिच्या मनात १६ई होता. आयफोन १६ आला तेव्हा ७९,९०० ला होता आणि १६ई ५९,९०० ला. १७ येताच १६ ची किंमत कागदावर दहा हजारांनी उतरली आणि दोघांमधलं अंतर निम्मं झालं. दहा हजारांत दुसरा कॅमेरा, मॅक्रो आणि मॅगसेफ मिळत असेल तर थोरला घ्यावा, असं मी तिला सांगितलं. वीस हजारांचं अंतर असताना हेच उत्तर उलटं दिलं असतं.

मामांसाठी माझं मत ए५६ किंवा त्या दर्जाचा कुठलाही फोन असं होतं. पण ते ऐकणाऱ्यातले नाहीत, बघणाऱ्यातले आहेत. शनिवारी दुकानात आले तेव्हा सदऱ्याच्या खिशात, कागदात गुंडाळलेलं द्राक्षाचं पान होतं. दुकानातला पोरगा गेम लावून दाखवायला निघाला, मामांनी त्याला थांबवलं. "त्ये राहू दे. ह्या पानाचा फोटू काढ. दोन्हींनी."

दोन्ही फोन घेऊन आम्ही दारात उन्हात आलो. ए५६ ने जवळून काढला, एस२५ ने तीन पट झूम करून. पडद्यावर बोटांनी मोठे करून पाहिले तेव्हा एस२५ चा जास्त खुलून दिसत होता, शिरा मोजता येत होत्या. मामांनी माझ्याकडे बघितलं, म्हणजे, आता बोल. मी दोन्ही फोटो माझ्या फोनवर घेतले आणि एचडीमध्ये त्यांच्या कन्सल्टंटला पाठवले. कुठला फोटो कुठल्या फोनचा ते लिहिलं नाही. खाली एवढंच विचारलं, यातला कुठला चांगला?

उत्तर यायला दहा मिनिटं लागली. तोवर मामा एस२५ हातात तोलत होते, आणि पोरगा कव्हर काढून ठेवत होता.

"दोन्हीत डाऊनीच दिसतोय. कुठल्या प्लॉटचं पान? किती दिवस झाले?"

मामांनी मेसेज वाचला, फोन काउंटरवर ठेवला आणि पान पुन्हा कागदात गुंडाळलं. "मोबाइल मंगळवारी बघू," ते म्हणाले. "आधी औषधाच्या दुकानाकडं गाडी घे."